जपमाळ, म्यूट आणि चड्डी

ग्रुप: नंदाखालचं घर
ऑक्टोबरमधला रविवार, सकाळ

मोठी काकी: जय ख्रिस्त सर्वांना. काल रात्री फोनवरच्या जपमाळेला 14 घरं जोडली होती, बरं वाटलं. एकच विनंती आहे. ज्यांची प्रार्थना सांगायची पाळी नाही त्यांनी आवाज बंद ठेवावा. जपमाळेत प्रभूच्या आणि मरियेच्या जीवनातले पाच प्रसंग, म्हणजे पाच रहस्यं, आठवायची असतात; त्यातल्या तिसऱ्या रहस्याच्या ऐन मध्यात कुणाच्या तरी घरून "आधी चड्डी घाल, मग ये देवापुढे" असं खणखणीत ऐकू आलं. दोह्याला, टोरंटोला, सगळीकडे गेलं ते.

दादा: कुणाच्या तरी कशाला काकी, आमच्या बायच्या घरून. आवाज ओळखीचा आहे 😂

दादा: आणि तिसरं रहस्य म्हणजे प्रभूचा जन्म. तिथेही कपड्यांचाच प्रश्न होता. बाळंत्यात गुंडाळलं होतं ना?

मोठी काकी: थट्टेचा विषय नाही हा.

मी: हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे

वहिनी: ताई, काय लिहिलं होतंत? मी उघडेपर्यंत गेलं.

मी: रागाने लिहिलं होतं वहिनी, गेलं ते बरंच झालं. काकी, चूक माझीच. फोन फ्रिजवर टेकवून ठेवला होता, म्यूट दाबलं असं वाटलं, ते दाबलंच गेलं नव्हतं. सॉरी.

आता सांगतेच काय झालं ते. काल शनिवार असूनही ऑफिस होतं. घरी पोचले तेव्हा आठ वाजले होते. थोरलीची आज धर्मशिक्षणाची तोंडी परीक्षा, दहा आज्ञा पाठ करत होती आणि सातवीवर अडकत होती. "चोरी करू नको" येईना, कारण समोर भाऊ ओरडत होता की माझा खोडरबर हिनेच घेतलाय. घेतलाच होता. कुकरची एक शिट्टी झाली, दुसरी होईना. मी देव्हाऱ्यापुढे मेणबत्ती लावली. धाकट्याने फुंकून विझवली आणि टाळ्या वाजवून "हॅपी बर्थडे" सुरू केलं. मेणबत्ती दिसली की त्याला केकच आठवतो. पुन्हा लावली, पुन्हा फुंकली. तिसऱ्यांदा आंघोळीतून ओलाच, तसाच पळत आला. मग मी जे बोलले ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत.

शांतपणे बसून म्हटलेली जपमाळ मला लग्नानंतर फारशी आठवत नाही. माझी खरी जपमाळ लोकल गाडीत होते. वसई रोडला बोटांवर सुरू करते, नायगावला पहिलं रहस्य संपतं, खाडीच्या पुलावर बायका निर्माल्य टाकायला खिडकीशी येतात तेव्हा दुसरं चालू असतं, बोरिवली येईपर्यंत पाचही होतात. कधी कधी चौथी सीट मिळाल्याच्या आनंदात तिसरं राहून जातं.

आणि काल मला रडू आलं ते चड्डीमुळे नाही. तोंडाने आनंदाची रहस्यं म्हणत होते आणि आतून नुसती चिडलेली होते. ते सगळ्यांना ऐकू गेलं, त्याची लाज वाटली.

छोटी, दोहा: ताई, वेडी आहेस का. आमच्याकडे ऐकू आलं तेव्हा माझी दोन्ही पोरं सोफ्यावरून खाली पडली हसून. दोन आठवड्यांत पहिल्यांदा जपमाळेला शेवटपर्यंत बसली, पुढे आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून.

छोटी, दोहा: इथे आमचा रविवार शुक्रवारी असतो, सुट्टी तेव्हाच. चर्चला बाहेरून क्रूस नाही. 2008 साली उघडलं, नाव जपमाळेच्या मातेचंच. आत गेलं की गर्दी अशी की प्रवचनातला एक शब्द कळला तर नशीब. धाकटी भर मिस्सात, उपासना चालू असताना, भुकेने रडते. आधी मी तिला घेऊन बाहेर उन्हात उभी राहायचे. मग कुणीतरी सांगितलं, पोप फ्रान्सिस 2014 च्या जानेवारीत सिस्टिन चॅपेलमध्ये बाप्तिस्मा देताना आयांना म्हणाले होते, बाळं भुकेली असतील तर बिनदिक्कत पाजा. तेव्हापासून ओढणी घेते आणि जागेवर बसून राहते. सिस्टिन चॅपेलमध्ये चालतं तर आमच्या मागच्या बाकावर का नाही?

काका: सुप्रभात 🌹 राजेळी केळ्यांचे दोन घड उतरवलेत. सुकेळी करायची आहेत, ऊन चांगलं आहे. ज्यांना हवीत त्यांनी आत्ताच सांगा. मागच्या वर्षी नंतर भांडणं झाली.

वहिनी: आम्हाला अर्धा किलो.

मोठी काकी: विषय चालू आहे.

सिस्टर आत्या: आत्ताच मिस्साहून आले, सगळं वाचलं. बाय, तू शांत जपमाळेचा हेवा करतेस म्हणून सांगते. आमच्या मठात जपमाळेच्या वेळी चिमणीसुद्धा ओरडत नाही. चाळीस वर्षांत माझी जपमाळ कुणी मध्येच तोडलेली नाही. आणि निम्म्या दिवशी तिसऱ्या रहस्याला माझं मन वसतिगृहाच्या तांदळाच्या हिशोबात असतं. ते तुम्हाला ऐकू येत नाही, एवढाच फरक.

दुसरं, आनंदाचं पाचवं रहस्य कुठलं ते आठव. मुलगा हरवला आणि तीन दिवसांनी मंदिरात सापडला. तोही एक दिवसाची वाट चालून झाल्यावर लक्षात आलं की पोर बरोबर नाही. बारा वर्षांचा मुलगा! मरिया त्याला सगळ्या शास्त्र्यांसमोर विचारते, बाळा, तू आमच्याशी असं का वागलास? तिथे कुठे होतं म्यूट?

दादा: आणि पोराने उलट उत्तर दिलं, मला शोधलंत कशाला. पवित्र कुटुंबातसुद्धा 😄

सिस्टर आत्या: दिलं. आणि मग मुकाट घरी गेला, हेही लिहिलंय तिथे. तेवढं तू नेहमी विसरतोस.

सिस्टर आत्या: संत झेली मार्टिन माहीत असेल, लिझ्यूच्या संत तेरेझाची आई. फ्रान्समध्ये आलाँसों गावी तिचा लेसचा धंदा होता. हाताखाली बायका, ऑर्डरी, उशिरापर्यंत काम. नऊ बाळंतपणं, त्यातली चार मुलं लहानपणीच गेली. तिची पत्रं आहेत. मी ती उघडली तेव्हा वाटलं प्रार्थना, ध्यान असं असेल. निघालं काय, थकले, डोकं दुखतंय, ऑर्डर राहिली, आणि लिओनी ऐकत नाही. ही लिओनी तिची मुलगी, हट्टी, शाळेतून घरी परत पाठवलेली. आई काळजी करता करताच 1877 मध्ये कर्करोगाने गेली. याच महिन्यात, 18 ऑक्टोबर 2015 ला, चर्चने झेलीला आणि तिच्या नवऱ्याला एकत्र संत जाहीर केलं. आणि त्याच वर्षी लिओनीच्या संतपदाचीही चौकशी सुरू झाली. शाळेने परत पाठवलेल्या मुलीची!

मी: आत्या, हे थोरलीला सांगू नका. उद्यापासून शाळेला जाणार नाही.

दादा: आजीने व्हॉइस नोट पाठवलीय, पण तिच्यात पंख्याचाच आवाज जास्त आहे. लिहून देतो. आजी म्हणते:

"काय चाललंय सकाळपासून, सून वाचून दाखवते आणि हसते. आमच्या वेळी शनिवारी गौरवाची रहस्यं असायची. आनंदाची सोमवारी आणि गुरुवारी. पोप जॉन पॉल यांनी 2002 साली प्रकाशाची नवी पाच आणली, गुरुवार त्यांना दिला, म्हणून आनंदाची शनिवारी आली. मला अजून सवय होत नाही.

आम्ही कुठे बसून जपमाळ म्हणायचो? सोनचाफा पहाटे खुडायचा, दादरला जाणारी पहिली गाडी असायची. चाफा मोजून द्यायचा, वजनाने नाही. मग सासू जपमाळ सांगायची आणि मी फुलं मोजायचे. तिची एका मण्याची प्रार्थना, म्हणजे एक नमो मरिया, तेवढ्यात माझी पाच फुलं. मध्येच तुझा बाप पाळण्यात रडायचा, मी पाय लांब करून दोरी ओढायची. फुलं चुकायची किंवा नमो मरिया चुकायचं, दोन्ही बरोबर आलं असं कधी झालं नाही. सासू म्हणायची, फुलं पुन्हा मोज, बाजारात फसवणूक नको. जपमाळेचं मरिया बघून घेईल. आता हात मोकळे आहेत, 53 नमो मरिया एकही न चुकता होतात. पण तेव्हाची मजा वेगळी होती."

दादा: शेवटी आजी म्हणते, चड्डी कोणत्या रंगाची होती ते विचार.

मी: निळी. आणि शेवटपर्यंत घातलीच नाही. टॉवेलात बसला.

मोठी काकी टाइप करत आहे…

वहिनी: काकी पाच मिनिटं टाइप करतायत. ताई, सांभाळा.

मोठी काकी: मी हे कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्या काकांनाही नाही. मुलगा सहा वर्षांचा असताना बांद्र्याच्या जत्रेला नेला होता, माउंट मेरीला. नवस होता. पायऱ्यांवर ही गर्दी. एका हातात मेणबत्त्या, दुसऱ्या हातात तो. मेणबत्त्या बदलायला हात सोडला आणि वळून बघते तर नाही. तीन दिवस सोडा, अर्धा तास गेला असेल. मी जपमाळ हातात धरून जे किंचाळत फिरले, त्या वेळी नमो मरिया म्हणत होते की त्याचं नाव घेत होते, मला आजही सांगता यायचं नाही. मेणाचे हात, पाय, घरं विकतात ना, तिथे एका दुकानापुढे उभा होता. मेणाच्या बाळाला बोट लावून बघत होता. म्हणाला, मी तर इथेच होतो.

मोठी काकी: मी काडकन थोबाडीत मारली. देवीच्या दारात. मग तिथेच पायरीवर बसून दोघं रडलो. नवसाच्या मेणबत्त्या घामाने वाकड्या झाल्या होत्या, तशाच लावल्या.

काका: मला म्हणाली होतीस गाडी चुकली म्हणून उशीर झाला.

टोरंटो: इथे मध्यरात्री फोन वाजतोय म्हणून उठलो तर हे. आई, मला ती थोबाडीत अजून आठवते. पण नंतर तू उसाचा रस दोन ग्लास पाजला होतास, तेही सांग की.

मोठी काकी: तू झोप.

छोटी, दोहा: काकी ❤️

मी: काकी, संध्याकाळी तिघांना घेऊन येते. जपमाळ तुमच्याकडेच म्हणू, फोन तुम्ही धरा.

काका: तुझं किती किलो लिहू?

मी: एक.

मोठी काकी: या. आज रविवार, गौरवाची रहस्यं आहेत. पाचवं धाकट्याला सांगू दे, मी त्याच्याबरोबर म्हणेन. मेणबत्ती उंचावर ठेवते. आणि त्याला चड्डी घालून आण.