पुन्हा पुन्हा वाचलेलं पुस्तक – तुमचं कोणतं?

परवा जेजुरीहून येताना मेंढरांचा कळप आडवा आला. गाडी थांबली आणि डोक्यात 'बनगरवाडी' सुरू झाली. घरी येऊन कपाटातून काढली, रात्रीत संपवली. शाळेत असताना मला आनंदा रामोशी फार आवडायचा. आता स्वतः शाळेत शिकवते, तर कारभारी मास्तरांवर रुसतो तिथे जीव कासावीस होतो. शेवटी दुष्काळात वाडी ओस पडते ती पानं तेव्हाही पटकन उलटवत नव्हती, आताही नाही. तुमचं सांगा.

---

स्मृतिचित्रे!!! लहानपणी लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं वाचून हसून लोळायचो, मीठसुद्धा धुवायचे म्हणे. मोठेपणी लक्षात आलं, वडिलांच्या सासऱ्यांना १८५७ च्या बंडात फाशी झालं होतं, वेड तिथून लागलं. आणि घरातल्या बायकांचं काय होत असेल? आता हसू येत नाही. तरी दरवर्षी वाचते.

---

बटाट्याची चाळ. त्यातला 'उपास'. विनोद कुठे येणार ते पाठ आहे, तरी तिथे पोचायच्या आधीच हसायला लागतो. नवा अर्थ वगैरे काही सापडत नाही, सापडायला नकोय. बरं वाटतं, बास.

---

ताई जेजुरीला गर्दी होती का? सोमवतीला सासूबाईंना न्यायचंय. गाडी वरपर्यंत जाते?

---

नाही हो, पायऱ्या चढाव्याच लागतात. सकाळी लवकर निघा.

---

कोसला. होस्टेलवर असताना मेसचे, मित्रांचे भाग एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवायचो. मुलगी झाल्यावर परत काढलं आणि नायकाची धाकटी बहीण मनी जाते तिथे पुस्तक मिटून तिच्या खोलीत जाऊन बसलो. झोपली होती.

---

अरे दादा 🙏 मनीची पानं माझ्याच्यानेही होत नाहीत.

---

माझ्या स्मृतिचित्रेची पानं सुटलीत, बायंडिंग कुठे करतात? नवीन प्रत नकोय, आईच्या खुणा आहेत त्यात पेन्सिलीच्या.

---

वह्या शिवणारे असतात ना, त्यांना विचारा. सेलोटेप अजिबात लावू नका, पिवळी पडून कागद खाते.

---

मी फुरसुंगीची सून. लग्न ठरलं तेव्हा पहिला आनंद हा, की फास्टर फेणेच्या गावात चालले! लेकाला रोज रात्री एक प्रकरण वाचून दाखवते, 'ट्टॉक' तो करतो.

---

'उपास'ला माझंही मत. साबुदाणा भिजवलाय, नंतर सविस्तर लिहिते.