माझ्या लॉगिनमध्ये दिसतं, तिच्या लॉगिनमध्ये नाही (विंडोज ११)

झेरॉक्सवाले_काका

नमस्कार मंडळी.

बार्शीत एसटी स्टँडजवळ आमचं झेरॉक्स आणि डीटीपीचं छोटं दुकान आहे. मशीन एकच, एप्रिलमध्ये घेतलेलं, विंडोज ११. आत्तापर्यंत मी आणि आमच्या सौ. एकाच लॉगिनवर काम करत होतो. पण तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांना रांग लागते, म्हणून यंदा एक मुलगी कामाला घेतली. हुशार आहे, हात झरझर चालतो. माझ्या लॉगिनमध्ये बँकेचं, जीएसटीचं सगळं उघडं पडलेलं असतं, त्यामुळे भाच्याच्या सांगण्यावरून तिला वेगळं खातं काढून दिलं. 'स्टँडर्ड' प्रकारचं.

पहिल्याच दिवशी बोंब. तिच्या खात्यात गिम्प (फोटो दुरुस्त करायचा प्रोग्रॅम) नाहीच. इंकस्केपचा (चित्रं, डिझाइन काढायचा प्रोग्रॅम) आयकॉन नाही, पण स्टार्टमध्ये शोधल्यावर सापडलं. गेल्या वर्षीची एक पत्रिका उघडली तर '॥ श्री कुलस्वामिनी प्रसन्न ॥'च्या जागी डॉलर, कंस आणि इंग्रजी अक्षरांचा चिवडा. बरं, नव्याने टाइप करू म्हटलं तर मराठी कीबोर्डच येईना. गिऱ्हाईक समोर उभं, वरमाय सोबत, आणि मी त्या पोरीला उठवून स्वतःच्या लॉगिनमध्ये शिरतोय.

गिम्पचा शॉर्टकट पेनड्राइव्हवरून तिच्या डेस्कटॉपवर नेऊन ठेवला. उघडत नाही, परवानगी नाही म्हणतं. आता हे सगळं दोनदा टाकायचं का? एकाच डब्यात आहे ना सगळं?

बेरकी_बाळ

तिला अ‍ॅडमिन करून टाका, विषय संपला.

झेरॉक्सवाले_काका

केलं होतं तासभर. तरी गिम्प दिसलं नाही. उलट सौ. म्हणाल्या, मग वेगळं खातं काढलं कशाला? पुन्हा स्टँडर्ड केलं.

खटपट्या

वहिनींचं बरोबर आहे. अ‍ॅडमिन केल्याने अधिकार मिळतात, सामान मिळत नाही.

काका, तुमचा कॉम्प्युटर म्हणजे जुना वाडा समजा. काही सामान माजघरात, ते सगळ्यांचं. काही ज्याच्या त्याच्या खोलीत, कुलपाआड. तुमच्या लॉगिनमध्ये गिम्पच्या आयकॉनवर उजवी टिचकी मारून 'ओपन फाइल लोकेशन' करा. पत्ता 'प्रोग्रॅम फाइल्स'चा निघाला तर माजघर. 'युजर्स', त्यात तुमचं नाव, त्यात 'अ‍ॅपडेटा' असं निघालं तर तुमची खोली. पैज लावतो, खोलीच निघेल. गिम्पचा सेटअप सुरुवातीलाच विचारतो, सगळ्यांसाठी टाकू की फक्त तुमच्यासाठी. घाईत माणूस 'फक्त माझ्यासाठी' दाबतो, कारण त्यात परवानगीची खिडकी येत नाही. क्रोमसुद्धा असंच करतं. परवानगीला 'नो' म्हटलं तर ते विचारतं, मग तुमच्यापुरतं टाकू का?

ते फोल्डर उचलून 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये चिकटवायचा मोह होईल, करू नका. रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगच्या वहीतल्या) नोंदी, स्टार्ट मेनूतलं नाव, सगळं तुमच्या खात्यावर चढलेलं आहे, ते फोल्डरबरोबर येत नाही. गिम्प काढा आणि परत टाका, या वेळी 'सगळ्यांसाठी'. आणि आधी काढा, बरं का. जुनं तसंच ठेवून वरून सेटअप चालवलात तर तो मागचं उत्तर लक्षात ठेवतो आणि काही न विचारता पुन्हा तुमच्याच खोलीत जाऊन बसतो. मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे, घरात भजी गार झाली. तुमचे ब्रश, सेटिंग वगैरे प्रोग्रॅम काढल्याने जात नाहीत, ते 'अ‍ॅपडेटा'तल्या 'रोमिंग'मध्ये वेगळे असतात. मुलीला मात्र कोरं गिम्प मिळेल.

इंकस्केप माजघरातच आहे, फक्त आयकॉन तुमच्या एकट्याच्या डेस्कटॉपवर आहे. विंडोजचं बटण आणि आर दाबा, जी चौकट येईल तिच्यात इंग्रजीतून 'शेल', मग कोलन, मग 'कॉमन डेस्कटॉप' टाइप करून एंटर. जे फोल्डर उघडेल त्यात शॉर्टकट ठेवला की तो प्रत्येक खात्याच्या डेस्कटॉपवर दिसतो. ठेवताना परवानगी विचारेल, द्या.

आता फॉन्ट. तो चिवडा पाहिल्यावर लगेच कळलं की पत्रिका युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी आजची पद्धत) नाही, जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये आहे. या फॉन्टांत आतून इंग्रजी अक्षरंच असतात, वर नुसता देवनागरीचा मुखवटा. फॉन्ट नसला की मुखवटा उतरतो. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून फॉन्टवर नुसतं 'इन्स्टॉल' म्हटलं की तो एका खात्यापुरताच बसतो. फॉन्टच्या मूळ फाइलवर उजवी टिचकी मारा आणि 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' निवडा. यादीत दिसलं नाही तर 'शो मोअर ऑप्शन्स'मध्ये बघा. सगळ्या फाइली एकदम निवडूनही चालतं. नंतर गिम्प, इंकस्केप बंद करून पुन्हा उघडा, चालू असताना त्यांना नवा फॉन्ट दिसेलच असं नाही.

कीबोर्ड मात्र प्रत्येक खात्याचा आपापला. मुलीच्या लॉगिनमध्ये सेटिंग्ज, 'टाइम अँड लँग्वेज', तिथे मराठी भाषा टाका. इनस्क्रिप्ट, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांच्या कळांचा कीबोर्ड, मिळेल. मोबाइलसारखं 'नमस्कार' इंग्रजी अक्षरांत लिहायची सवय असेल तर मराठी फोनेटिक निवडा, तो २०१९ पासून विंडोजमध्येच आहे. बदलायला विंडोज आणि स्पेस.

लिनक्सबुवा

विंडोज सोडा, उबुंटू (लिनक्स) टाका. तिथे अ‍ॅप्टने, म्हणजे सॉफ्टवेअर टाकायच्या त्याच्या आज्ञेने, जे टाकाल ते सगळ्यांचंच.

खटपट्या

बुवा, आणि डाउनलोड्समध्ये ठेवलेल्या अ‍ॅपइमेजचं (न टाकताच चालणाऱ्या एका फाइलीतल्या प्रोग्रॅमचं) काय? उबुंटूच्या २१.०४ आवृत्तीपासून नव्या खात्याचं होम फोल्डर दुसऱ्या खात्याला उघडतही नाही. रडगाणं तेच, चाल वेगळी.

लिनक्सबुवा

अ‍ॅपइमेज 'ऑप्ट' या सगळ्यांच्या फोल्डरमध्ये ठेवायची असते. पण मुद्दा मान्य.

झेरॉक्सवाले_काका

खटपट्याभाऊ, पैज जिंकलात. गिम्प 'अ‍ॅपडेटा'तच होतं. काढलं, सगळ्यांसाठी टाकलं, आलं तिच्याकडे. एकेचाळीस फॉन्ट एका दमात टाकले. कुलस्वामिनी प्रसन्न झाली, शब्दशः. पोरीला फोनेटिक आवडलं, मी आपला इनस्क्रिप्टवाला, तर आता एकाच कीबोर्डावर दोन घराणी.

व्हॉट्सअ‍ॅप तिच्या खात्यात नव्हतं, ते स्टोअरमधून घेतलं. दुकानाचा नंबर वेगळा असल्याने तोच जोडला. लोक प्रिंटच्या पीडीएफ त्यावरच पाठवतात.

पण काल खरा घोळ झाला. माझ्याकडे बिलांचा एक प्रोग्रॅम आहे, २००६ साली एका ओळखीच्याने व्हिज्युअल बेसिकमध्ये करून दिलेला. त्याचाही आयकॉन तिच्याकडे नव्हता. मला वाटलं टाकायचा राहिला. तिच्या लॉगिनमध्ये बसून सीडीवरचा सेटअप चालवला, पासवर्ड मागितला तेव्हा माझा दिला. झालं म्हणाला. आयकॉन कुठे आला? माझ्या डेस्कटॉपवर! मग 'प्रोग्रॅम फाइल्स'मधून हुडकून तिला उघडून दिला आणि मी बँकेत गेलो. दुपारी येऊन बघतो तर तिने नऊ बिलं केलेली, नंबर १ ते ९. एप्रिलपासून आमची १,२०० च्या वर बिलं झाली आहेत. माझ्या हातापायातलं बळच गेलं, म्हटलं सेटअप परत चालवल्यामुळे सगळं पुसलं. धावत माझ्या लॉगिनमध्ये गेलो तर १,२१६ बिलं जागच्या जागी. आणि तिची नऊ तिथे नाहीत. हे काय भूत आहे?

पूर्वाश्रमीची_लॅबवाली

काका, भूत जुनं आहे, माझ्या ओळखीचं. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बारा वर्षं काढली आहेत, तिथे मुलांचे मार्क असेच 'गायब' व्हायचे.

आधी आयकॉनचं. स्टँडर्ड खात्यातून सेटअप चालवून अ‍ॅडमिनचा पासवर्ड दिला की तो सेटअप त्या अ‍ॅडमिनच्या नावाने चालतो. खुर्चीवर कोण बसलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पासवर्ड ज्याचा, डेस्कटॉप त्याचा. जुने सेटअप आयकॉन असाच एका खात्यात टाकतात. वर सांगितलेल्या 'कॉमन डेस्कटॉप'मध्ये हलवा, सुटेल.

आता बिलं. तुमचा प्रोग्रॅम २००६ चा, विंडोज एक्सपीच्या जमान्यातला. तेव्हा घरोघरी सगळेच अ‍ॅडमिन असायचे, त्यामुळे प्रोग्रॅम करणारे खुशाल डेटाची फाइल प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये ठेवायचे. २००७ साली विंडोज व्हिस्टा आलं आणि 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये कुणीही लिहायचं नाही असा नियम झाला. पण मग असे जुने प्रोग्रॅम बंदच पडले असते. म्हणून विंडोजने एक युक्ती केली: असा प्रोग्रॅम आपल्या फोल्डरमध्ये लिहायला गेला की त्याला कळू न देता ती फाइल त्या खात्याच्या 'अ‍ॅपडेटा', 'लोकल', 'व्हर्च्युअलस्टोअर'मध्ये लिहायची. वाचतानाही आधी तिथली दाखवायची. प्रोग्रॅमला वाटतं आपण घरातच लिहितोय. एकच खातं असेपर्यंत कुणालाच काही कळत नाही. तुम्ही अ‍ॅडमिन असलात तरी साधं उघडल्यावर तुमचंही तेच होतं. म्हणजे एप्रिलपासूनची तुमची १,२१६ बिलं तुमच्या 'व्हर्च्युअलस्टोअर'मध्ये आहेत, तिची नऊ तिच्या. आणि 'प्रोग्रॅम फाइल्स'मधली मूळ फाइल अजून कोरी करकरीत, म्हणून तिला १ नंबरपासून सुरुवात मिळाली.

पहिलं काम: दोन्ही 'व्हर्च्युअलस्टोअर'मधल्या डेटाच्या फाइली पेनड्राइव्हवर काढून ठेवा. 'अ‍ॅपडेटा' लपवलेलं असतं, 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटम्स'वर खूण करा. त्याशिवाय पुढे काही करू नका, हात जोडून सांगते. मग प्रोग्रॅम काढा आणि पुन्हा टाकताना फोल्डर विचारेल तिथे डी ड्राइव्हवरचं नवं फोल्डर द्या. तिथे ही लपवाछपवी होत नाही. फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'सिक्युरिटी' बघा, 'युजर्स'ना 'मॉडिफाय' नसेल तर द्या. आता तुमची १,२१६ वाली फाइल तिथे ठेवा. तिची नऊ बिलं हातानेच भरावी लागतील. दोन फाइली जोडायच्या नादाला लागू नका, नऊच आहेत.

एक राहिलं. लॉगिन बदलताना 'स्विच युजर' करता की 'साइन आउट'? स्विच केलंत तर तुमचा बिलांचा प्रोग्रॅम मागे उघडाच राहतो आणि दोघांनी एकच फाइल धरून ठेवली जाते. निदान तो प्रोग्रॅम बंद करून उठा.

झेरॉक्सवाले_काका

ताई, काल दुकान बंद करून रात्री साडेदहापर्यंत बसलो. 'व्हर्च्युअलस्टोअर' उघडल्यावर फाइल समोर दिसली, त्याच दिवशीच्या तारखेची, तेव्हा कुठे जिवात जीव आला. आता डी ड्राइव्हवर दोघांना एकच बिलं दिसतात. तिची नऊ मी १,२१७ पासून पुढे भरली, ज्यांचे फोन नंबर होते त्यांना नवीन बिलं पाठवली.

एक गिऱ्हाईक मात्र आज सकाळीच हजर. पाचशे पत्रिकांचं जुनं बिल हातात, नंबर १. म्हणाला, "काका, नवीन दुकान टाकलं व्हय? पहिलं गिऱ्हाईक मीच हाय, तर काहीतरी कमी करा की."

पन्नास रुपये कमी केले.