रीडिंग थांबलं की एसएफ 12? मला हा इलाज मान्य नाही

रानातला_नोड
निफाड भागात द्राक्षबागांत ओलाव्याचे लोरा (कमी विजेवर लांब पोचणारा रेडिओ) सेन्सर बसवणाऱ्यांचा एक ठरलेला इलाज झालाय. रीडिंग आलं नाही की स्प्रेडिंग फॅक्टर (एसएफ: आकडा वाढवला की संदेश सावकाश जातो पण लांब पोचतो) 7 वरून थेट 12. अरे, पण हिशोब बघा ना! लोरावॅनवर (लोराच्या नेटवर्कची पद्धत) दहा बाइटचा डेटा एसएफ 7 ला साधारण 60 मिलिसेकंद हवेत असतो, एसएफ 12 ला जवळजवळ दीड सेकंद. बॅटरी त्याच हिशोबाने खर्च होते आणि शेजारच्या नोडशी (सेन्सरच्या डब्याशी) टक्कर व्हायची शक्यताही वाढते. त्यात सगळे नोड तासाच्या ठोक्याला एकदम बोलणारे असतील तर आनंदच. आधी पॅकेट कुठे हरवतंय ते शोधा: नोडमधून निघतंय का, गेटवेला (नोडचे संदेश झेलून सर्व्हरकडे पाठवणाऱ्या यंत्राला) ऐकू येतंय का, सर्व्हर ते घेतोय का.

पाना_पक्कड
बोलायला सोपं आहे, साहेब. शेतकऱ्याचा फोन येतो तेव्हा त्याला ठिबक चालू करू की नको एवढंच हवं असतं. एसएफ 12 केलं, रीडिंग आलं, विषय संपला. छाटणीनंतर बाग उघडी असते तेव्हा सगळं झकास चालतं. कॅनॉपी (पानांचा पसारा) भरली की सिग्नल पडतो. मग काय वेली काढून टाकू?

रानातला_नोड
वेली राहू द्या, अँटेना वर घ्या. आपल्याकडे लोरा 865 ते 867 मेगाहर्ट्झवर चालतं. एक किलोमीटरच्या अंतरात मधोमध फ्रेनेल झोनची (सिग्नलच्या वाटेभोवती मोकळी लागणारी जागा) त्रिज्याच नऊ मीटरच्या पुढे जाते, आणि तुमचा डबा मांडवाखाली खांबाला बांधलेला. जीआय पाइप लावून अँटेना पानांच्या वर काढायला कितीसा खर्च येतो?

सर्किटवाली
दोघंही अँटेनावरच अडकलात. एका बागेत गेटवेच्या लॉगमध्ये पॅकेट स्वच्छ दिसत होती, आरएसएसआय (सिग्नलची ताकद) उणे 95 च्या आसपास, म्हणजे चांगला, आणि डॅशबोर्ड मात्र कोरा. नोड एबीपीवर होता, म्हणजे जॉइन न होता आधीच भरलेल्या किल्ल्यांवर चालणारा. पाठवताना बॅटरीचा व्होल्टेज बसायचा, नोड रीस्टार्ट व्हायचा, फ्रेम काउंटर (पॅकेटचा चढता क्रमांक) पुन्हा शून्यावर. सर्व्हरच्या लेखी ती जुनी पॅकेट, म्हणून तो टाकून द्यायचा. तिथे पाइप लावा नाहीतर टॉवर उभारा, फरक शून्य. एसएफ 12 केलं तर उलट पाठवण्याचा वेळ लांबतो, व्होल्टेज आणखी बसतो.

पाना_पक्कड
ताई, मी बॅटरी तपासल्याशिवाय निघत नाही. मल्टिमीटर 3.6 दाखवतो.

सर्किटवाली
दाखवणारच, लोड कुठे आहे तेव्हा? लिथियम थायोनिल क्लोराइडचा सेल बराच वेळ निवांत पडला की आत थर धरतो. एकदम करंट मागितला की व्होल्टेज खाली जातो आणि लगेच सावरतो. साध्या मल्टिमीटरला ते पकडता येत नाही, ऑसिलोस्कोप लावा. सेलला समांतर चांगला कपॅसिटर टाका आणि नोड ओटीएएवर (सुरू होताना सर्व्हरशी जॉइन होण्याची पद्धत) न्या, म्हणजे रीस्टार्ट झाला तरी नव्याने जॉइन होईल.

बांधावरचा
पानांना शिव्या घालणाऱ्यांसाठी: नेदरलँड्समध्ये 2005 च्या सुमारास बटाट्याच्या शेतात असंच वायरलेस सेन्सरचं जाळं टाकलं होतं. हाती आला जेमतेम 2 टक्के डेटा, आणि त्यात सॉफ्टवेअरच्या घोळांचा वाटा मोठा होता. गंमत म्हणजे तिथल्या मोजणीत रात्री आणि पावसात सिग्नल जास्त चांगला मिळाला. आपल्याकडे पहिला ठपका पावसावर!

पाना_पक्कड
बटाटा गुडघ्याएवढा, द्राक्षाचा मांडव डोक्यावर. ती मोजणी इथे कशाला लावता? ओटीएएचं मात्र पटलं. ज्या नोडचा काउंटर शून्यावर येतोय ते बदलून बघतो. बाकीच्यांना माल उतरेपर्यंत हात लावणार नाही, एसएफ 12 वरच राहतील.

रानातला_नोड
राहू द्या. पण निदान प्रत्येक नोडच्या पाठवायच्या वेळेत थोडा रँडम फरक टाका. एकाच मिनिटाला सगळे दीड-दीड सेकंद ओरडत बसले तर गेटवे ऐकणार कुणाचं?

सर्किटवाली
आणि तो फरक टाकायच्या आधीचा आठवडाभराचा गेटवे लॉग जपून ठेवा. नाहीतर सुधारलं ते कशाने, यावर इथे नवा धागा निघेल.