मदत हवी आहे: जिप्सीचं पुढचं एक्सल. किंगपिन बेअरिंग बदलू की अख्खं नकल?

नमस्कार मंडळी,

गाडी १९९९ ची जिप्सी किंग, कार्ब्युरेटरवाली. पावसजवळ सड्यावर आमची हापूसची कलमं आहेत. तिथवर जाणारा रस्ता म्हणजे उघडा जांभा. मोसमात पेट्या उतरवायच्या आणि पावसाळ्यात खताच्या गोणी वर न्यायच्या, हे सगळं हीच गाडी करते आणि चालवते मीच. पिकअप त्या चढावर पहिल्या पावसानंतर जात नाही, त्यामुळे मिरगाच्या आत काम उरकायचं आहे.

दुखणं असं की डांबरी रस्त्यावर ५०-५५ च्या वेगात एखादा खड्डा लागला की पुढची चाकं वॉबल व्हायला लागतात. स्टिअरिंग हातातून हिसकल्यासारखं होतं, डॅशबोर्डसकट गाडी हलते आणि वेग २० च्या खाली आणल्याशिवाय थांबत नाही. मागून एसटी येत असेल तर जीव मुठीत धरावा लागतो.

बॅलन्सिंग झालं, अलाइनमेंट झालं, टाय रॉडचे (चाकं वळवणाऱ्या दांड्याचे) एंड नवे टाकले. मग गॅरेजवाल्यांनी स्टिअरिंग डँपर (हिसके शोषणारा शॉक) बदलला. काही आठवडे बरं वाटलं, आता पुन्हा तेच. डँपरने दुखणं नुसतं झाकलं जातं, असं माझं स्पष्ट मत झालंय.

परवा जॅक लावून स्वतः पाहिलं. डावं चाक वर-खाली धरून हलवलं तर प्ले (सैलपणा) आहे. भावाला ब्रेक दाबून धरायला सांगितला, तरी प्ले तेवढाच, म्हणजे व्हील बेअरिंग नसावं. नंतर टाय रॉड सोडवून नकल (एक्सलच्या टोकाचा, चाकासकट वळणारा भाग) हाताने फिरवलं. दोन्ही बाजूंना सहज फिरतं, पण बरोबर मधोमध आलं की खट्ट करून बसतं आणि तिथून हलवायला जोर लागतो. नकलच्या मागच्या गोळ्यावर पातळ, तांबूस ग्रीस ओघळलंय आणि त्याला गिअर ऑइलचा वास येतो.

मेस्त्री म्हणतात, "भंगारातून अख्खं नकल आणा, बसवून देतो." त्याने भागेल का? की फक्त शिम (बेअरिंग किती घट्ट बसेल ते ठरवणाऱ्या पातळ चकत्या) काढून घट्ट करता येईल? आणि तोवर आंबा घाटातून कोल्हापूरला एक फेरी केली तर चालेल का?

काताळवाट:
ताई, नकल आणू नका, पैसे वाया जातील. नकल ज्यांवर फिरतं ती किंगपिन बेअरिंग. जिप्सीत त्यांचे कप, म्हणजे रोलर ज्यांत फिरतात त्या बाहेरच्या कड्या, नकलमध्ये नसतात. ते एक्सलच्या टोकाच्या गोळ्यात ठोकून बसवलेले असतात. नकल बदललं तरी खराब कप जागच्या जागी राहणार. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून रोलर कपाच्या त्याच त्याच जागी आपटतात आणि तिथे खाचा पडतात. तुम्हाला मधोमध जे खट्ट लागतंय ते रोलर त्या खाचांत बसल्यामुळे.

शिम काढून घट्ट करायचं तर अजिबात नको. खाचा तशाच असताना प्रीलोड (बेअरिंगवरचा आवळ) वाढवला की वळणावरून स्टिअरिंग आपोआप सरळ होणार नाही, आणि घाटात ते वॉबलपेक्षा वाईट. चारही बेअरिंग कपांसकट नवी घ्या, दोन्ही बाजूंची. सील लावण्याआधी टाय रॉडच्या भोकात ताणकाटा अडकवून नकल ओढून बघा: १ ते १.८ किलोला हलायला लागलं पाहिजे. शिम त्यावरून ठरवायच्या.

वासावरून दिसतं की डिफरन्शिअलचं ऑइल नकलमध्ये उतरतंय. म्हणजे शाफ्टचं आतलं ऑइल सील गेलंय. ते न बदलता नवी बेअरिंग टाकली तर ग्रीस पुन्हा धुऊन जाईल. आणि एक्सलवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं तोंड) उघडून फुंकून बघा. तो चिखलाने बुजला की आतली गरम हवा ऑइलला सीलमधून बाहेर ढकलते. आपल्याकडच्या लाल मातीत हे हमखास होतं आणि कुणी बघत नाही.

सह्यकडा:
घाटाची फेरी नकोच. शेतापुरती हळू चालवा. डांबरावर पुढचे हब फ्री (चाकं शाफ्टपासून सुटी) ठेवा, फोर बाय फोर लावू नका. हब लॉक असताना पूर्ण वळणावर कटकट आवाज येतो का तेही बघून ठेवा. येत असेल तर सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकाला ताकद पोचवणारा सांधा) गेलाय. नकल एकदाच खोलायचं तर तोही आत्ताच पाहिलेला बरा. पाट्यांचे आणि शॅकलचे बुशही हलवून बघा.

मूळ धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. आज डावी बाजू खोलून घेतली. खालच्या कपात बोटाचं नख अडकेल अशा आडव्या खाचा आहेत, ओळीने. वरचा कप त्या मानाने बरा आहे. ब्रीदर पूर्ण बुजलेला होता. मेस्त्रींना कप दाखवल्यावर तेही नकलचं म्हणाले नाहीत. कोल्हापूरला एसटीने जाईन आणि बेअरिंगही तिथूनच आणीन. सीव्हीचा आवाज नाही, बुश मात्र दोन्हीकडचे गेलेत.

एकच राहिलं: गोळ्यावर जिथे सील घासतं तिथे गंजाचे बारीक खड्डे आहेत. बारीक पॉलिश पेपर मारून भागेल, की नवं सीलही तिथून गळेल? कुणी असा गोळा भरून घासून घेतला असेल तर कसा टिकला ते कृपया सांगा.