नऊ वर्षांच्या मुलीला कार्टिंगला घालावं का? घरात दोन पक्ष पडलेत

चिंचवडची सून

मे महिन्यात भाच्याच्या वाढदिवसाला सगळी पोरं भाड्याच्या गो-कार्टवर, म्हणजे त्या छोट्या उघड्या शर्यतीच्या गाड्यांवर, नेली होती. दहा मिनिटांचे सातशे रुपये. बाकीची पोरं टायरच्या भिंतीला धडका देत खिदळत होती. आमची कन्या मात्र उतरली ती गप्प. घरी येताना वाकडच्या सिग्नलला म्हणाली, "आई, तिसऱ्या वळणाला मी फार लवकर ब्रेक दाबला." तेव्हापासून रोज तेच. वहीच्या मागच्या पानावर त्या ट्रॅकचा नकाशा आहे, चुकलेल्या वळणांवर लाल पेनाने फुल्या आहेत.

मला वाटतं, घालावं. नवरा म्हणतो, अजिबात नाही. तो चाकणला ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. त्याचं म्हणणं, "ब्रेक कशाला लागतात ते मला रोज दिसतं."

माझ्या अटी मी ठरवल्या आहेत. दोन वर्षं स्वतःची कार्ट घ्यायची नाही. वर्षाचा खर्च आधी कागदावर लिहायचा, तो संपला की त्या वर्षापुरतं बंद. आणि घरात कुणीही, आजोबांनीसुद्धा, 'आमची फॉर्म्युला वनला जाणार' हे वाक्य उच्चारायचं नाही. पोहायला घातलं तेव्हा ऑलिंपिकचं नाव काढलं होतं का आपण?

मोकळेपणाने लिहा. विरोधात असाल तरी चालेल, नवऱ्याला वाचून दाखवणारच आहे.

पेठेतली सायकल

१९ मे २०२४. कल्याणीनगर. सतरा वर्षांचा मुलगा, आलिशान मोटार, दोन तरुण जीव गेले. त्याच शहरात बसून नऊ वर्षांच्या लेकराला वेगाची चटक लावावी का असं विचारताय. धन्य.

तांबडा-पांढरा

सायकलवाले, तुमचा राग खरा आहे, पण पत्ता चुकलाय. तो मुलगा कुठल्या ट्रॅकवर तयार झाला नव्हता. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर २०१९च्या दुरुस्तीनंतर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, शिवाय त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. तरी आमच्या गल्लीत आठवीतली पोरं ट्रिपल सीट बुलेट फिरवतात. ट्रॅकवर पिवळा झेंडा दिसला की पुढच्याला ओलांडायचं नाही. निळा दिसला की मागून येणाऱ्याला वाट द्यायची. काळा दाखवला की मुकाट आत यायचं, बाप कोण आहे ते कुणी विचारत नाही. हे रस्त्यावर कोण शिकवतं सांगा.

आता ताईंसाठी. मी कोल्हापूरचा. आमच्याकडं मोहिते रेसिंग अकादमीचा ट्रॅक आहे, राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या इथं झाल्यात. आमचाच कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या एका पायरीपर्यंत, जाऊन आला. माझा पुतण्या चार वर्षं या खेळात होता, त्याचा मेकॅनिक मीच. त्यामुळं हात काळे करून बोलतोय.

पहिली गोष्ट, भाड्याची कार्ट आणि शर्यतीची कार्ट यांचं नातं म्हशीचं आणि खिलारी बैलाचं. भाड्याची जड असते, चारही बाजूंनी बंपर, फोर-स्ट्रोक इंजिन. शर्यतीची म्हणजे नळ्यांचा सांगाडा, टू-स्ट्रोक इंजिन, जमिनीपासून बोटभर वर बूड. वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणारं डिफरन्शियल नसतं, मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर. त्यामुळं वळताना आतलं मागचं चाक किंचित उचललं गेलं तरच गाडी नीट वळते, नाहीतर फरफटते. लहान गटांत ब्रेकसुद्धा फक्त मागच्या दांड्यावर, आणि तो डाव्या पायानं दाबायचा. वळणात घुसून ब्रेक मारला की गाडी गर्रकन फिरलीच. तुमच्या मुलीनं 'लवकर दाबला' म्हटलं ते उगाच नाही. तिला काहीतरी कळलंय.

दुसरी, कार्टला सीटबेल्ट नसतो. हे ऐकून प्रत्येक आईच्या पोटात गोळा येतो. डोक्यावर छत नाही, पिंजरा नाही, मग उलटलेल्या कार्टखाली बांधून राहण्यापेक्षा बाहेर फेकलं जाणं बरं, असं त्यामागचं गणित आहे. बरगड्यांना रिब प्रोटेक्टर लागतो, कारण वळणावळणाला सीटची कड बरगडीत घुसते. पुतण्यानं पहिल्या महिन्यात तो घातला नाही, मग आठ दिवस त्याला हसताही येत नव्हतं.

तिसरी, वेणी. वेणी बालाक्लाव्हाच्या (हेल्मेटखाली डोक्यावर-मानेवर घालायच्या कापडी टोपीच्या) आत आणि तो सूटच्या कॉलरच्या आत, दरवेळी तुम्ही स्वतः तपासायचं. २०१८ मध्ये हरियाणात पिंजोरच्या बागेत भाड्याच्या कार्टच्या चाकात केस अडकून एका बाईचा जीव गेला. म्हणजे तुम्ही वाढदिवसाला घेऊन गेलात ती 'मजेची' जागाच बेसावध असते. शर्यतीच्या ट्रॅकवर निदान कुणीतरी बघत तरी असतं.

हिशेबी

सुरक्षिततेवर तांबडा-पांढरा बोलले, मी पैशावर बोलतो. ताईंनी 'खर्च कागदावर लिहायचा' असं लिहिलंय. छान. पण या खेळात तो कागद दर सहा महिन्यांनी लांबतो.

आधी भाड्याची कार्ट. मग अकादमीचं शिबिर. मग देशातल्या मोटरस्पोर्टच्या फेडरेशनचं म्हणजे एफएमएससीआयचं लायसन, डॉक्टरचा दाखला, पालकांची सही. लहान मुलांच्या मायक्रो मॅक्स गटात एक मोसम. इंजिन सीलबंद असतं, ते खोलायला अधिकृत माणूसच लागतो. टायर झिजतात. ट्रॅक बंगळुरू, चेन्नई, कोइमतूरला, म्हणजे शुक्रवारची रजा, गाडीभाडं, लॉज. दुसऱ्या वर्षी लक्षात येतं की पुढच्या मुलाकडे दोन चेसिस (कार्टचे सांगाडे) आहेत आणि आपल्याकडे एकच. तेव्हा कागद फाडला जातो. राष्ट्रीय पातळीचा मोसम लाखांत जातो, आणि ती फक्त पहिली पायरी. फॉर्म्युला वनच्या लगेच खालच्या फॉर्म्युला टूचा एक मोसम वीस लाख युरोंच्या वर जातो म्हणतात. रुपयांत तुम्हीच करा.

लगेच कुणीतरी फॉर्म्युला वनचा विजेता लुईस हॅमिल्टनच्या वडिलांचं उदाहरण देईल. त्यांनी नोकरी सोडून एकावेळी तीन-चार कामं केली, पोराला वाढवलं, तेराव्या वर्षी मॅक्लारेन या फॉर्म्युला वन संघानं उचललं. खरं आहे. पण त्याच वर्षांत अशाच किती वडिलांनी घरं गहाण टाकली, त्यांची नावं कोण लिहितं? आपल्याकडून फॉर्म्युला वनला पोचलेले बघा. नारायण कार्तिकेयन २००५, करुण चंडोक २०१०. दोनच नावं, दोघंही मोटरस्पोर्टच्या घरातली. मुंबईचा जेहान दारुवाला २०११ मध्ये फोर्स इंडिया या तेव्हाच्या फॉर्म्युला वन संघाच्या शोधमोहिमेतून निवडला गेला, फॉर्म्युला टूमध्ये शर्यती जिंकला, तरी फॉर्म्युला वनची सीट मिळाली नाही. एवढी गुणवत्ता आणि पाठबळ असून ही कथा.

छंद म्हणून करा. पण छंद कुठे संपतो आणि वेड कुठे सुरू होतं हे बापाला कधीच कळत नाही, बायकोला कळतं. इथे तर बायकोच पुढाकार घेतेय!

तांबडा-पांढरा

आमच्याकडं बैलगाडा शर्यतीसाठी लाखांची खोंडं घेतात, सर्वोच्च न्यायालयानं २०२३ ला परवानगी कायम ठेवली तेव्हा गावभर गुलाल उधळला. तिथं कुणी 'करिअर काय' विचारत नाही. पोरीनं चार वर्षं कार्ट चालवली तर लगेच युरोचा हिशेब.

हिशेबी

बैल विकता येतो हो. शेवटच्या मोसमाचा टायर कोण घेणार?

साठी ओलांडलेली

मी यातलं काही जाणत नाही. पण एक विचारते. दहीहंडीत चौदा वर्षांखालच्या मुलांना थरावर चढवायला बंदी आहे. का? तर मूल हौसेनं चढतं, घाबरत नाही, पण पडलं तर काय होतं हे त्याला कळत नाही. मोठ्यांनी त्याच्या हौसेचा फायदा घ्यायचा नाही, असं आपण समाज म्हणून ठरवलं. मग इथं वेगळं काय? २०२३ च्या ऑगस्टमध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर तेरा वर्षांचा मुलगा मोटारसायकल शर्यतीत गेला. तोही हौशीच होता, हुशार होता. त्याच्या आईनंही झेंडे, हेल्मेट, लायसन सगळं पाहिलंच असेल ना?

मुलगी 'मला करायचंय' म्हणते, हे उत्तर नाही बाई. माझा मुलगा सहाव्या वर्षी गच्चीवरून छत्री घेऊन उडणार होता.

चिंचवडची सून

काकू, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि मोबाईल ठेवून चहा करायला उठले.

मोटारसायकल आणि कार्ट वेगळी, हे उत्तर माझ्याकडे आहे. कार्टला चार चाकं, ती जमिनीला चिकटून असते, पडण्याची उंचीच नाही, लहान गटात इंजिनाची ताकद आवळलेली. सगळं खरं. पण तुमचा प्रश्न तो नाही, कळतंय मला. तिच्या वतीनं धोका मी पत्करायचा का, हा आहे. आणि त्याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. आमच्या सोसायटीतून ती शाळेला जाते तो रस्ता मी तिच्या वतीनं रोज पत्करते, एवढंच म्हणू शकते. हे उत्तर अपुरं आहे, तेही मान्य.

हिशेबी, टोमणा पोचला. शुक्रवारची रजा आणि लॉज खरंच धरले नव्हते. कागद पुन्हा लिहिला. रक्कम तीच ठेवली, त्यामुळे दोन फेऱ्यांऐवजी आता यंदा एकही फेरी नाही, फक्त शिबिर आणि सराव. मुलीला सांगितलं. तिनं विचारलं, "मग झेंडे तरी शिकवतील ना?"

आणि मुलगी आहे म्हणून ज्यांनी निरोपात सल्ले दिले त्यांना: कार्टिंगमध्ये मुलं-मुली एकाच गटात धावतात. वडोदऱ्याची रेसर मीरा एर्डा नवव्या वर्षीच कार्टिंगमध्ये उतरली होती. हा मुद्दा माझ्यापुरता संपला.

वर्कशॉप नंबर चार

इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. दरवर्षी आमची मुलं फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी स्वतः गाडी बनवून कोइमतूरला नेतात. त्यांतल्या निम्म्यांना डिफरन्शियल का लागतं हे पुस्तकातून पाठ असतं, बुडाखाली जाणवलेलं नसतं. ज्या दोघा-तिघांनी लहानपणी कार्ट चालवली असते, त्यांना गाडी मागून घसरतेय की पुढून, हे डेटा बघायच्या आधी कळतं. ड्रायव्हर होणं हा या खेळातला एक दरवाजा झाला, बाकीचे पुण्यात पायलीला पन्नास आहेत. म्हणून हिशेबींचं गणित मला अर्धवट वाटतं.

मात्र एक अट मी वाढवीन. चेन साफ करणं, टायरची हवा मोजणं, पेट्रोलमध्ये तेल मिसळताना बघणं, हे मुलीनं करायचं. मेकॅनिक सगळं करतोय आणि मूल एसी गाडीत मोबाईल बघतंय, असं दिसलं की समजा पैसे पाण्यात.

सिम्युलेटर आधी घ्या असं कुणी सांगेल. वळणं पाठ करायला चांगला. पण तिथं भिंतीला आपटल्यावर बटण दाबून परत सुरू करता येतं, नऊ वर्षांच्या मुलाला तेवढंच लक्षात राहतं.

पेठेतली सायकल

माझा विरोध कायम आहे. पण झेंड्यांचं पटलं. आपल्या रस्त्यांवर काळा झेंडा हवा होता.

चिंचवडची सून

नवऱ्यानं पूर्ण धागा वाचला. साठी ओलांडलेल्या काकूंना 'प्रणाम' कळवलाय आणि वर्कशॉपवाल्यांना विचारलंय, कार्टची ब्रेक डिस्क कशाची असते. शिबिराला तो येणार आहे, 'फक्त बघायला'.

तांबडा-पांढरा, एक शेवटचं. पुतण्याचं जुनं हेल्मेट पडून असेल तर विकत देता का?

तांबडा-पांढरा

नाही ताई. ते एकदा आपटलंय. आतला थर्मोकोलसारखा थर दबला की बाहेरून काही दिसत नाही, पण तो पुन्हा उपयोगाचा नसतो. हेल्मेट नवीनच घ्या, आणि मुलांसाठीचं वेगळं येतं ते. मोठ्यांचं छोट्या मापाचं चालत नाही, वजन मानेवर येतं. तिला घालून डोकं हलवायला सांगा, गाल हेल्मेटबरोबर हलले पाहिजेत.

चिंचवडची सून

बरं. हातमोजे तरी जुने चालतील ना?

तांबडा-पांढरा

हातमोजे चालतील. धुऊन पाठवतो.