प्रति: ताबा नसलेल्या पालकाला शाळेचा निकाल
घटस्फोटानंतर मुलाचा ताबा आईकडे गेला की बापाचा शाळेशी संबंध संपला, हे म्हणणं मला अजिबात पटत नाही. ताब्यातून मूल कुणाकडे राहणार ते ठरतं. बाप पालक म्हणून आपोआप बाद होत नाही. इथे कुणी लिहिलं नाही म्हणून सांगते: हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २६ मध्ये ताबा-पोटगीबरोबर मुलांचं शिक्षणही येतं आणि घटस्फोटानंतरही त्यासाठी अर्ज करता येतो.

इंदूरला माझ्या मावसभावाला, ज्याच्या लेकीचा ताबा आईकडे आहे, शाळेच्या खिडकीवरून "मॅडमची (म्हणजे मुलीच्या आईची) चिठ्ठी आणा" म्हणून परत पाठवायचे. शेवटी कुटुंब न्यायालयाच्या आदेशात 'प्रगतिपुस्तक व हजेरीची नक्कल वडिलांनाही द्यावी' अशी ओळ घालून घेतली. प्रमाणित प्रत दिल्यावर निकाल हातात आला, आणि लेकीचं गणित किती कच्चं राहिलंय ते त्याला तेव्हा कळलं. आदेशात नुसती भेटीची वेळ लिहून भागत नाही हो, शाळेचा उल्लेख मागून घ्याच.