हुतात्मा जवानांच्या मुलांच्या हातातला गेम काढून घेऊ नका

कोरेगावकर:
माजी सैनिकांच्या एका गटावर काल पोस्ट फिरली. 'वीरपुत्र मोबाइलवर गोळ्या झाडत बसलाय, बापाच्या बलिदानाची हीच किंमत?' खाली मुलाचा पाठमोरा फोटो. चेहरा नव्हता, तरी पोरगं कुणाचं ते गावात सगळ्यांनी ओळखलं. संताप झाला म्हणून सविस्तर लिहितोय.

माझे दाजी गेले तेव्हा भाचा पाचवीत होता. लोक म्हणतात, पोराचा बाप गेला. अहो, त्याचं सगळंच गेलं. क्वार्टर सोडावं लागलं, छावणीतली शाळा सुटली, शेजारचे पंजाबी, गढवाली, मल्याळी मित्र सुटले. गावच्या शाळेत तो फक्त 'शहिदाचा मुलगा', नावाने हाक मारायलाही लोक बिचकायचे. संध्याकाळी मात्र पब्जीवर जुन्या छावणीतली पोरं भेटायची. त्यातल्या एकाचेही वडील गेलेले. "तुझे बाबा स्वप्नात बोलतात का?" हे भाच्याने त्याला विचारलेलं मी दाराआडून ऐकलंय. आईला त्याने हे कधी विचारलं नाही.

ब्रिटनमध्ये कॉर्पोरल ली स्कॉट 2009 मध्ये अफगाणिस्तानात मारले गेले. त्यांच्या पत्नी निकी स्कॉट यांनी 2010 मध्ये 'स्कॉटीज लिटल सोल्जर्स' ही संस्था काढली, आई किंवा वडील गमावलेल्या सैनिकांच्या मुलांसाठी. आपल्यासारखंच दुःख असलेलं दुसरं मूल भेटावं, यासाठी तिथे एवढी धडपड चालते. आमच्या पोराने ते स्वतःहून मिळवलं, तर काढून घ्यायचं?

सुभेदार_निवृत्त:
भावना समजली. पण ज्याचा बाप गोळीने गेला त्याने गोळ्यांचाच खेळ खेळायचा? मी पहाटे पाचला भरतीची पोरं पळवतो. घाम गाळला की रडू आपोआप जातं. परदेशाचे दाखले देताय तर हेही सांगा, की जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये गेमिंगचं व्यसन आजारांच्या यादीत घातलंय.

समिधा:
घातलंय, पण कधी? शाळा, झोप, घर सगळं कोलमडेपर्यंत ताबा सुटला आणि ते साधारण वर्षभर चाललं, तर. संध्याकाळच्या दोन तासांना आजार म्हणत नाहीत. मी शाळेत समुपदेशन करते. मुलं समोर बसवून बोलत नाहीत, हात कशात तरी गुंतले की बोलतात. मग तो गेम असो की शेंगा सोलणं. घाम गाळून रडू जात नाही सुभेदारसाहेब, दडून बसतं.

पुरावा_द्या:
गेमने मन सावरतं याला दाखला म्हणून टेट्रिस, म्हणजे पडणारे ठोकळे रचायच्या गेमचा प्रयोग सांगतात. मानसशास्त्रज्ञ एमिली होम्स आणि सहकाऱ्यांनी ऑक्सफर्डमध्ये केलेला, 2009 चा. भयानक दृश्यं पाहिल्यावर ज्यांनी टेट्रिस खेळला त्यांना ती दृश्यं कमी वेळा आठवली. पुढे अपघातानंतर रुग्णालयात आलेल्यांवर तोच प्रयोग झाला, 2017 मध्ये छापून आला. पण ती सगळी मोठी माणसं, आणि प्रश्न अंगावर येणाऱ्या दृश्यांचा. बाबांची रोजची उणीव ही वेगळी गोष्ट. भाच्याला मित्रांनी सावरलं असेल, गेमने सावरलं हे यातून सिद्ध होत नाही.

कोरेगावकर:
मित्र गेममध्येच भेटत होते ना? एक पंजाबात, एक केरळात. पारावर कुठून आणू त्यांना?

माणदेशी:
पुरावा, मैदान सगळं बाजूला ठेवा. मी वीरपत्नी आहे. माझ्या मुलीला गेमने काही केलं नाही, सत्कारांनी केलं. 15 ऑगस्ट, 26 जानेवारी, 1 मे, वर गणेश मंडळं. दरवेळी निवेदक शवपेटी गावात कशी आली ते रंगवून सांगणार, मागे संगीत, आणि पोर मंचावर नारळ धरून उभी. एकाने तर माईक तिच्या तोंडाशी नेला. "बाळा, बाबांची आठवण येते का?" त्यानंतर ती शाळेत तोंडच उघडेना.

सुभेदार_निवृत्त:
म्हणजे सत्कारही बंद? उद्या गाव जवानाला विसरलं म्हणून तुम्हीच ओरडणार.

माणदेशी:
मी कधी ओरडले? दाखल्यासाठी कचेरीत हेलपाटे मारत होते तेव्हा शाल देणाऱ्यांपैकी एकही सोबत आला नाही. सत्कार माझा करा, सासऱ्यांचा करा. पोर तिथे नको.

सुभेदार_निवृत्त:
आवाज चढवू नका ताई. मीही साथीदार खांद्यावरून खाली आणलेत.

माणदेशी:
मग तुम्हाला तर आधी कळायला हवं होतं.

कोरेगावकर:
ताईंचं शंभर टक्के खरं. पोस्टमधल्या त्या मुलाचा फोटो म्हणजे तोच मंच, फक्त मोबाइलवर.

2020 च्या सप्टेंबरात पब्जीवर बंदी आली आणि ऑक्टोबरअखेर सर्व्हर बंद झाले. देशाच्या सुरक्षेचा निर्णय, त्यावर वाद नाही. पण नातेवाईक खूश झाले, "बरं झालं, सुटला एकदाचा." पोराने दुसऱ्यांदा सगळे मित्र गमावले हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. 2021 मध्ये बीजीएमआय, म्हणजे पब्जीचीच भारतासाठीची आवृत्ती आली तेव्हा त्यातले काही परत सापडले. त्या दिवशी तो जेवताना आपणहून बोलला.

सुभेदार_निवृत्त:
बंदुकीच्या खेळाबद्दल माझं मत तेच आहे, ते बदलणार नाही. मित्र भेटतात एवढं मान्य. त्या गटाचा प्रमुख माझ्याच पलटणीतला आहे, फोटो आज काढायला लावतो. आणि आमच्या गावच्या समितीला सांगतो, पोरांना मंचावर बोलवायचं नाही.

माणदेशी:
निवेदकालाही सांगा. पेटीचं वर्णन नको. पोर खाली बसलेली असली तरी ऐकत असते.